पाठीत जाणारी पोटदुखी

मंडळी, काळीज कोठे असते हे आपल्याला ठाऊक आहे. जठर ठाऊक आहे. किडनीचे नाव तर आपल्या संग्रामपूर तालुक्यात लहान पोरालाही माहीत आहे. पूर्णेच्या बाजूचा हा खारपाणपट्टा. येथल्या कित्येक घरांनी किडनीच्या रोगाचे दुःख पाहिले आहे. पण पोटात आणखी एक अवयव आहे. त्याचे नाव स्वादुपिंड. तो बिघडला तर माणूस दोन दिवसांत मरणाच्या दारात जाऊ शकतो. त्याची आज ओळख करून घेऊ.

आधी नानांची गोष्ट वाचा. ही गोष्ट समजावी म्हणून रचलेली आहे. पण असे नाना तुमच्या आळीतही असतील.

नानांचे वय 42. चार एकर कोरडवाहू शेती. कपाशी आणि तूर. माणूस कष्टाळू. सवय एकच होती. बाजाराच्या दिवशी थोडी घ्यायची. पुढे आठवड्यातून दोनदा झाली. मग रोजची झाली. अशी दहा वर्षे गेली. जोडीला बिडी होतीच.

एका शनिवारी मित्राच्या मळ्यात रोडग्यांची पंगत होती. वांग्याची भाजी, वर तेलाची तर्री. जेवणाआधी बाटली फुटली. नाना रात्री दहाला घरी आले आणि झोपले. दोन वाजता ओरडत उठले.

नानांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. त्या घाबरून म्हणाल्या, "काय होऊ राह्यलं?"

"पोटात लय दुखू राह्यलं. इथून घुसते अन् पाठीतून निंगते."

नानांचा हात छातीच्या हाडाखाली, बेंबीच्या वर होता. त्यांना उताणे निजवेना. उशी पोटाशी धरून ते पुढे वाकून बसले. तेवढ्यानेच थोडे बरे वाटे. ओकाऱ्या सुरू झाल्या. एरवी ओकले की पोट हलके होते. येथे ओकून काही फरक पडेना.

शेजारी जमले. एकजण म्हणाला, "गॅस असन. सोडा द्या." दुसऱ्याने बेंबी सरकली असे सांगून पोट चोळायला घेतले. नाना किंचाळले. तिसरा म्हणाला, "खारं पानी बाधलं." आपल्याकडे कोणतेही दुखणे आले की ते खाऱ्या पाण्याच्या नावावर जाते. खारे पाणी वाईटच. गोडे पाणी मिळावे म्हणूनच वान धरणावरून 140 गावांची नळयोजना झाली. पण या दुखण्याच्या कारणांत खारे पाणी नाही. खरे कारण दुसरे असताना पाण्याला दोष दिला, तर खरे कारण घरातच राहते.

सोडा झाला, ओवा झाला, चोळणे झाले. त्यात पहाट झाली. नानांचे हातपाय गार पडले. श्वास भरभर चालू लागला. तेव्हा कोणीतरी आशाताईला बोलावले. तिने एकच गोष्ट विचारली.

"नाना, दुखणं पाठीत जाते का?"

"जाते वो माय."

तिने लगेच 108 नंबर लावला. गाडी आली. वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी आधी हृदयाची पट्टी काढून पाहिली. हे बरोबर केले. कारण हृदयाचा झटकाही कधी कधी पोटाच्या वरच्या भागात दुखतो. हृदय ठीक होते. मग सलाईन लावून त्यांनी नानांना पुढे खामगावला पाठवले. तेथे रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी केली. रोग कळला. स्वादुपिंडाला सूज आली होती. डॉक्टर लोक याला पॅन्क्रिएटायटीस म्हणतात. शब्द मोठा आहे. एकदा मोठ्याने वाचा. दवाखान्याच्या कागदावर तो दिसला तर ओळखता आला पाहिजे.

आता हा अवयव पाहू. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे आडवे असते. लांबी वीतभरापेक्षा थोडी कमी. वजन सुमारे शंभर ग्रॅम. ते इतके मागे असते म्हणूनच त्याचे दुखणे पाठीत जाते. त्याची कामे दोन. पहिले काम, पाचक रस तयार करणे. दिवसाला एक-दीड लिटर रस ते तयार करते. भाकरी, डाळ, तेल, मांस, सगळे या रसाने पचते. दुसरे काम, रक्तात इन्सुलिन सोडणे. त्याने रक्तातली साखर ताब्यात राहते. 1921 साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हे इन्सुलिन काढले. त्याआधी मधुमेह झालेली लहान मुले जगत नसत.

तुम्ही विचाराल, जो रस मांस पचवतो, तो आपलेच मांस का पचवत नाही? प्रश्न बरोबर आहे. निसर्गाने सोय केली आहे. स्वादुपिंडात असताना हा रस झोपलेला असतो. आतड्यात पोचल्यावर तो जागा होतो. पण काही कारणाने तो वाटेतच, म्हणजे स्वादुपिंडातच जागा झाला, तर कुंपणच शेत खाऊ लागते. रस स्वतःच्या घराला पचवू लागतो. यालाच स्वादुपिंडाची सूज म्हणतात. नानांना वाटले तसे ते पाठीतून काही घुसत नव्हते. आत आग लागल्यासारखेच झाले होते.

पाच रोग्यांतले सुमारे चार आठवडाभरात बरे होतात. पाचव्याचे काम मात्र अवघड होते. स्वादुपिंडाचा भाग कुजतो. सूज अंगभर पसरते. फुप्फुसे आणि किडन्या बंद पडू लागतात. अशा रोग्यांतले काही दगावतात. पहिल्या दिवशी हा चौघांतला की पाचवा, हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून घरी थांबायचे नाही.

रस वाटेत का जागा होतो? मोठी कारणे दोन आहेत. एक पित्ताचा खडा, दुसरे दारू.

खड्याचे आधी समजून घ्या. आपल्या भागात मूतखडा सर्वांना माहीत आहे. तो किडनीत किंवा लघवीच्या वाटेत असतो. पित्ताचा खडा वेगळा. तो यकृताखालच्या पित्ताच्या पिशवीत होतो. "खडा आहे" एवढे ऐकून पुष्कळ लोक भरपूर पाणी पितात, कोणी कुळथाचे पाणी पितात, आणि खडा पडायची वाट बघतात. पित्ताचा खडा लघवीतून पडत नाही. त्याची वाटच ती नाही.

तो स्वादुपिंडाला कसा छळतो? शेताचे उदाहरण घ्या. दोन वावरांतले पाणी दोन दांडांनी येते. पुढे दोन्ही दांड एक होतात आणि रस्त्याखालच्या एकाच मोरीतून पलीकडे जातात. मोरीत धोंडा अडकला तर काय होईल? पाणी दोन्ही वावरांत तुंबेल. पोटात तसेच आहे. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी शेवटी एकत्र येतात आणि एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. बारीक खडा घसरून त्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाचा रस तुंबतो. मोठ्या खड्यापेक्षा हरभऱ्याहून बारीक खडे या बाबतीत जास्त त्रास देतात, कारण तेच घसरून वाटेत येतात.

पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. चाळिशीनंतर, पुष्कळ बाळंतपणे झालेल्यांना, अंगाने जड असलेल्यांना जास्त होतात. फार लांबलेले उपास आणि झटकन उतरवलेले वजन यांनीही होतात.

खामगावला नाना ज्या दिवशी दाखल झाले, त्याच दिवशी बायकांच्या खोलीत त्यांच्याच गावची एक वहिनी दाखल होती. तिलाही हाच रोग. तिने दारूला कधी हात लावला नव्हता. पण गावात लोक काय म्हणाले? "नानाले झाली तीच बिमारी हिले झाली. मंग हीपन घेत असन." वहिनीच्या नवऱ्याच्या कानावर ते गेले. तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. रोगापेक्षा हे दुखणे तिला जास्त लागले.

तर हे नीट लक्षात ठेवा. हा रोग झाला म्हणजे माणूस दारू पितो असे मुळीच नाही. आपल्या देशात तर दारूचा थेंब न घेतलेल्या तरुण पोरापोरींनाही स्वादुपिंडाचा जुनाट रोग होतो. केरळात असे रोगी पूर्वीपासून पुष्कळ सापडत. तेथे गरीब लोक एक कंद खात. डॉक्टरांना पूर्वी त्या कंदाचा संशय होता. आपला उपासाचा साबुदाणा त्याच कंदापासून होतो. पण पुढे शोध केल्यावर कंदावरचा आळ टिकला नाही. काहींच्या रक्तातच, आईबापांकडून आलेला, दोष असतो असे दिसले. तेव्हा साबुदाण्याला भिऊ नका. आणि रोग्यावर आळ घेऊ नका.

वहिनीची कहाणी मात्र वेगळ्याच कारणाने वाचण्यासारखी आहे. ही तिची दुसरी खेप होती. चार महिन्यांपूर्वी तिला असेच दुखले होते. तेव्हा ती पाच दिवसांत बरी झाली. घरी जाताना कार्ड मिळाले. त्यावर लिहिले होते की पित्ताच्या पिशवीची शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी, अमुक तारखेला यावे. घरी आल्यावर दुखणे थांबलेलेच होते. कार्ड डब्यात गेले. घरात ते कोणाला नीट वाचता येत नव्हते. पुढे वेचणी आली. तारीख निघून गेली. खडे होते तेथेच होते.

पित्ताचा खडा असून काही दुखत नसेल, तर डॉक्टर बहुधा थांबायलाच सांगतात. पण एकदा का त्या खड्याने स्वादुपिंड सुजवले, की थांबणे बरे नाही. शक्य तर त्याच खेपेला, नाही तर लवकरात लवकर, पित्ताची पिशवी काढून टाकावी. हल्ली हे दुर्बिणीने, पोटाला लहान छिद्रे पाडून होते. "पिशवी काढली तर अन्न कसं पचन?" असे वहिनीच्या सासूने विचारले. पित्त यकृतात तयार होते. पिशवी ही फक्त साठवणीची. कणगी काढली म्हणून शेत पिकायचे राहत नाही.

आता दारू. देशी, विदेशी, हातभट्टीची, मोहाची, सगळी एकाच माळेची. महाग बाटलीने स्वादुपिंड वाचत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला पाच-दहा वर्षांनी हा रोग गाठतो. प्रत्येक पिणाऱ्याला होतो असे नाही, हेही खरे. म्हणूनच लोक फसतात. "आमचा काका सत्तरीपर्यंत प्याला, त्याले काई झालं नाई," असे म्हणतात. काकांचे स्वादुपिंड काकांजवळ. तुमचे तुमच्याजवळ. आणि एकदा सूज आलेल्या माणसाला थोडी, कधीमधी, सणाला, असे काही उरत नाही. त्याने पुन्हा घेतली तर पुन्हा सूज येते. प्रत्येक सुजेत थोडा भाग मरतो. शेवटी रस आटतो. मग खाल्लेले तूप-तेल पचत नाही. शौचाला तेलकट, घाण वासाचे, पाण्यावर तरंगणारे होते. माणूस वाळत जातो. इन्सुलिन आटले की मधुमेह होतो. बिडी-सिगारेटनेही स्वादुपिंड बिघडते. दारूच्या जोडीला बिडी असली तर ते आणखी लवकर होते.

बाकीची कारणे कमी आढळतात, पण आपल्या कामाची आहेत.

कपाशीवर फवारायची काही औषधे, ज्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात, ती पोटात गेली किंवा अंगातून फार भिनली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. ते मरण विषबाधेचे होते. तेव्हा फवारताना तोंड झाका, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका, रिकामा डबा पाण्याला वापरू नका. हे किती वेळा सांगितले तरी थोडेच.

पोटातले मोठे जंत कधी कधी वर चढून त्याच नळीच्या तोंडात शिरतात. जंताची गोळी शाळेत आणि अंगणवाडीत मिळते. ती पोरांना चुकवू नका. संडास वापरा. जेवणाआधी हात धुवा. पोटावर जोराचा मार बसला, पोर सायकलच्या दांडीवर आपटले, बैलाचे शिंग लागले, आणि नंतर पोट दुखत राहिले, तरी दवाखाना गाठा. गालगुंडातही क्वचित असे होते. काहींच्या रक्तात चरबी फारच वाढते, हजाराच्या वर जाते. त्यानेही होते. काही थोड्या औषधांनी होते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि काही रोग्यांत कारण सापडतच नाही.

नानांना खामगावला आठ दिवस ठेवले. पुष्कळ सलाईन, दुखण्यावर औषध, लघवीवर आणि श्वासावर नजर. नाना दर सकाळी विचारत, "डाक्टर, असली गोळी कवा देता?" या सुजेवर एका गोळीने उतरणारे औषध नाही. वेळेवर मिळालेले सलाईन आणि काळजी हाच उपचार. पूर्वी रोग्याला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आता ओकारी थांबली आणि भूक लागली की हलके जेवण लवकर देतात. नानांना तिसऱ्या दिवशी पातळ खिचडी मिळाली.

निघताना डॉक्टरांनी नानांना आणि काकूंना समोर बसवले.

"नाना, तुमच्या पित्तात खडा नाही. कारण दारूच आहे. पुन्हा घेतली तर पुन्हा याल. पुढच्या खेपेला घरी जाल याची हमी मी देणार नाही."

नाना खाली बघून म्हणाले, "सोडतो. आजच सोडतो."

डॉक्टर म्हणाले, "येथे आठ दिवस सुटलीच आहे. आता घरी सांभाळायचे आहे."

नाना दवाखान्यात होते म्हणून त्यांचे निभावले. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर हात कापतात, घाम येतो, भास होतात, कोणाला फिट येते. यातही माणूस दगावतो. तेव्हा दारू सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून सोडायची. त्यासाठी औषधे असतात. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. दारू सोडलेल्यांनी दारू सोडू पाहणाऱ्याला धरून ठेवायचे, अशीही एक रीत आहे. 1935 साली अमेरिकेत एक डॉक्टर आणि एक शेअरबाजारातला माणूस, दोघे दारूत बुडालेले, त्यांनी ती सुरू केली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे तिचे नाव. आपल्याकडेही तिच्या बैठका होतात. आणि सगळ्या गावाचे दुकानच नको असेल, तर बायकांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची सोय महाराष्ट्रात आहे. मात्र नुसते दुकान बंद होऊन भागत नाही. हातभट्टी चालू राहिली तर काय उपयोग!

खाण्याचे म्हणाल तर थोडे थोडे, चार वेळा खावे. तर्री, तळण, चरबीचे मटण कमी करावे. भाकरी, वरण, भाजी, ताक चालते. वर्षातून एकदा साखर तपासावी. नानांना याहून कठीण गेले ते बाजाराच्या दिवशी घरी बसणे. पहिले दोन आठवडे ते चिडचिड करत. मित्र हाक मारत. काकूंनी एक युक्ती केली. बाजाराचा सौदा आणायला त्या स्वतः जाऊ लागल्या.

काकू दोन वर्षांपूर्वी प्रौढ वर्गात बसल्या होत्या. आपण वाचतो तसलीच पुस्तके त्यांनी वाचली. नानांचे कार्ड त्यांनी घरी येताच वाचायला घेतले. त्यातले अर्धे इंग्रजीत होते. पुढच्या खेपेला त्या सिस्टरला म्हणाल्या, "बाई, चार ओळी मराठीत लिहून द्या. रोग कोनता, गोळ्या कवा, परत कवा यायचं, अन् काय झालं तर लगेच यायचं." सिस्टरने आनंदाने लिहून दिले. शेवटच्या ओळीत असे होते: पोटात वर दुखून पाठीत जाणे, थांबत नाही अशी ओकारी, ताप, डोळे पिवळे होणे, दम लागणे. यातले काही झाले तर त्याच तासाला निघणे. तुम्हीही असे मागून घ्या. लाजू नका. दवाखान्याच्या पैशांची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते तो सांगतो.

काकूंनी घराच्या दाराला आतून खडूने 108 लिहिले. त्याखाली नानांची तपासणीची तारीख लिहिली. मग त्या वहिनीच्या घरी गेल्या आणि डब्यातले कार्ड मागितले. वहिनीच्या नवऱ्यासमोर त्यांनी ते मोठ्याने वाचले. "पित्ताशयात खडे. त्यामुळे स्वादुपिंडाला सूज." काकूंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. दारूचे नाव कार्डावर कोठेच नव्हते. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आता कोनती तारीख धरावं?"

मंगळवारी शस्त्रक्रियेसाठी वहिनी खामगावला गेली. तिचा नवरा सोबत होता. वावरात वेचणी चालू होती, म्हणून त्यांच्या मजुरांकडे नानांनी लक्ष दिले. जीप निघायच्या आधी काकूंनी वहिनीच्या पिशवीत कार्ड आहे का ते दोनदा पाहिले.